व्हॅलेंटिनोची उसनी जागा

लॉस एंजेलिसमध्ये एकच दिवस मोकळा मिळाला. तो मी रुडॉल्फ व्हॅलेंटिनोसाठी, मूकपटांच्या काळातल्या या हॉलिवूड नटाच्या कबरीसाठी, राखून ठेवला होता.

हॉलिवूड फॉरएव्हर ही दफनभूमी सांता मोनिका बुलेव्हार्डवर, ६००० नंबरला आहे. १८९९ पासूनची जागा. मागची भिंत पॅरामाउंट स्टुडिओला लागून आहे, म्हणजे माणसं जिथे राबली त्याच्याच पाठीशी पुरली गेली. आत जायला पैसे पडत नाहीत. सांता मोनिका बुलेव्हार्डवरून धावणारी ४ नंबरची बस सोयीची; गाडी असेल तर आतल्या रस्त्यांच्या कडेने लावता येते.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. इथे दोन मोठ्या समाधी-इमारती आहेत, शवपेट्या भिंतीतल्या खणांत ठेवतात तशा. मी आधी ॲबी ऑफ द साम्समध्ये शिरले आणि अर्धा तास नावं वाचत फिरले. व्हॅलेंटिनो तिथे नाही. गेटातून आत आलात की डावा हात धरून पार मागे जायचं. डग्लस फेअरबँक्स या मूकपटांतल्याच नटाच्या समाधीपुढचं लांबट तळं दिसलं की शेजारचीच इमारत कॅथीड्रल मॉसोलियम. वाटेत मोर आडवे येतात. इथे मोर बघून मला फार बरं वाटलं.

आत थंडगार संगमरवर. मधल्या बोळातून शेवटपर्यंत जायचं आणि डावीकडे वळायचं. खण क्रमांक १२०५. पितळी पाटीवर पूर्ण नाव आहे, रोडोल्फो गुग्लिएल्मी व्हॅलेंटिनो, आणि खाली १८९५-१९२६. एकतीस वर्षांचं आयुष्य. दगडावर लिपस्टिकचे ठसे होते, एक अगदी ताजा, ओठांच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

इटलीतल्या कास्तेलानेता गावचा हा मुलगा १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला उतरला. बागकाम केलं, भांडी घासली, पैसे घेऊन बायकांबरोबर नाचला. हॉलिवूडमध्ये किरकोळ, बहुतेक खलनायकी भूमिका मिळत होत्या. त्याला हेरलं ते जून मॅथिस या पटकथालेखिकेने. ‘द फोर हॉर्समेन ऑफ द अपॉकलिप्स’मध्ये हाच हवा म्हणून ती हटून बसली. १९२१ साली चित्रपट आला, त्यातला त्याचा टँगो नाच लोकांनी डोक्यावर घेतला आणि पाच वर्षं हा माणूस पडद्यावर राज्य करत होता. ऑगस्ट १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात तो कोसळला. पोटाचं ऑपरेशन झालं, पण संसर्ग पसरला आणि २३ तारखेला तो गेला. अंत्यदर्शनाला एवढी झुंबड उडाली की काचा फुटल्या. पार्थिव रेल्वेने देशाच्या या टोकाला आणलं, पण पुरायला स्वतःची जागाच नव्हती.

ती दिली जून मॅथिसनेच. स्वतःसाठी घेतलेली, तात्पुरती म्हणून. भव्य स्मारक बांधायचं ठरत होतं, ते कधीच झालं नाही. पुढच्या वर्षी, १९२७ च्या जुलैत तीही गेली. आता दोघं शेजारी-शेजारी आहेत.

हे मला तिथे उभं राहिल्यावर जास्त लागलं. त्याच्या पाटीच्या दोन्ही बाजूंच्या फुलदाण्या भरलेल्या, आणि तिच्याकडे मी होते तेवढ्या वेळात कुणी वळूनही पाहिलं नाही. जिने आधी काम दिलं, मग कबर दिली, तिचं नाव वाचायला दोन पावलं पुढे जायला काय हरकत आहे? मी आणलेल्या फुलांतली निम्मी तिला वाहिली. तुम्ही गेलात तर दोघांसाठी न्या.

शक्यतो सकाळी जा आणि निघण्याआधी समाधी-इमारतीची बंद व्हायची वेळ वेगळी तपासा, बाहेरच्या गेटावर विसंबू नका. शेजारी कुणाचे तरी आप्त आलेले असतात. फोटो काढताना आवाज खाली. दर २३ ऑगस्टला, तो गेला त्या वेळेला, दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी इथे स्मरणसभा भरते. ती गाठायची तर बरंच आधी पोचा, तो बोळ अरुंद आहे.