तीन पोती दगडफूल: आमची वाटचाल

भवानी पेठेत वडिलांनी काष्ठौषधींचा, म्हणजे वाळवलेल्या औषधी वनस्पतींचा, गाळा घेतला तेव्हापासून आमचं दगडफूल दोन वाटांनी जातं. मसालेवाले गोड्या मसाल्यासाठी नेतात, वैद्य त्यालाच शैलेय म्हणून नेतात. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ते शीतल, हृद्य (हृदयाला हितकर), कफपित्तहर म्हटलंय. खाज, दाह, मुतखडा यांवर सांगितलंय. नारायण तेल या औषधी तेलाच्या कल्कातही, म्हणजे तेलात शिजवायच्या वाटणातही, ते पडतं. नाव दगडाचं, पण आमचा माल उत्तराखंडातल्या कुमाऊंमधल्या बांजाच्या (ओक झाडाच्या) खोडाफांद्यांवरचा. तिकडे त्याला झूला म्हणतात.

मधली वर्षं बरी गेली. मग आमच्याच ओळीतल्या एका गाळेवाल्याने दर पाडला. त्याला कसा परवडतो, ते त्याच्या पोत्यात हात घातला की कळायचं: साली, काड्या, शेवाळ. वडील अंथरुणाला खिळलेले, मी ईर्ष्येला पेटलो आणि स्वस्तातली तीन पोती न उघडता उचलली. वजनासाठी पाणी मारलेलं होतं. आठवड्याने हात घातला तर आतून गरम लागलं.

तोवर पाच किलो वैद्यबुवांकडे गेले होते. ते स्वतः पिशवी घेऊन आले. चिमूटभर तळव्यावर चोळलं, माझ्या नाकाशी धरलं. "हे मी तेलात घालू?" एवढंच म्हणाले. पैसे परत मागितले नाहीत. मी द्यायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, पुढच्या मालात वळते कर."

संध्याकाळी तो शेजारी आला. तिन्ही पोती निम्म्या भावात मागत होता. दळल्यावर कोणाला कळतंय, म्हणे. मी कचऱ्याच्या गाडीत टाकली. पतपेढीचे हप्ते फेडताना कितीदा वाटलं, द्यायला हवी होती. त्याचे आज दोन गाळे आहेत.

आमच्याकडे आईचं सूप आहे. प्रत्येक पोतं त्यात पाखडतो: दगडफूल हलकं, पुढे सरकतं; साल मागे राहते. तुम्हीही पूड घेऊ नका, अख्खं घ्या. वरून राखाडी, खालून काळं, मुठीत कुरकुरलं पाहिजे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि मुतखड्यावर ऐकीव काढे करून पिऊ नका, वैद्याला विचारा.

वैद्यबुवा गेले. आता त्यांची सून येते. भाव विचारायच्या आधी ती तळव्यावर चिमूट चोळते, आणि मी अजूनही तिच्या तोंडाकडे बघत उभा राहतो.