तुमच्यात ध्यान असतं का?

योगवर्ग संपल्यावर, मुलीच्या सासरी, एकदा तर बँकेच्या रांगेत मला हा प्रश्न आलाय : "तुम्हा ख्रिस्ती लोकांत ध्यान असतं का हो? आणि त्यानं नेमकं मिळतं काय?" मी "असतं की" म्हणते आणि विषय तिथंच राहतो. परवा इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना करून आलेल्या शेजारच्या ताईंनी पुन्हा विचारलं. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट बसून लिहितेय.

आम्ही त्याला मनन म्हणतो. बायबलमधलं पहिलंच स्तोत्र सांगतं की धन्य तो माणूस, जो परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. तिथलं मूळ हिब्रू क्रियापद विलक्षण आहे. बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतं आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही. म्हणजे हे मनन ओठांनी, घशातून, पुटपुटत करायचं.

माझ्या आजीला हे हिब्रू कोणी सांगितलं नव्हतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती गोठ्याच्या ओट्यावर बसून वाचायची. ओळीखाली बोट धरून, दोन वचनं, फार तर तीन. मी शाळेतल्यासारखं भराभरा वाचायला लागले की म्हणायची, "सावकाश गं. म्हैस बघ. आधी नुसतं पोटात घेते, मग निवांत बसून चावते." खूप वर्षांनी एका कॅथलिक मैत्रिणीनं मला सांगितलं की युरोपातल्या मठांतही या वाचनाला रवंथच म्हणत. बाराव्या शतकातल्या दुसरा गिगो नावाच्या, कार्थुसी या कॅथलिक संघातल्या संन्याशानं त्याची चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली आहे : वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थना म्हणजे त्याचा रस काढणं, आणि चौथी पायरी म्हणजे नुसती गोडी, जिथं शब्द थांबतात. मला आजीचा ओटा आठवला आणि डोळे भरून आले.

दुसऱ्याही पद्धती आहेत. जॉन मेन या बेनेडिक्टाइन संन्यासी-संघातल्या कॅथलिक धर्मगुरूंनी तरुणपणी मलायात एका हिंदू स्वामींकडून एकच शब्द घेऊन बसायला शिकून घेतलं होतं. पुढे त्यांनी लोकांना 'मारानाथा' हा शब्द दिला. हा अरामी शब्द बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या पत्रात येतो. अर्थ, हे प्रभू, ये. माझी वाट मात्र आजीचीच.

आता मिळतं काय, ते. हे मला एका शब्दावरूनच सांगता येईल.

आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चौदा महिने ती माझ्याकडे अंथरुणावर होती. दिवसा बाई यायची, रात्री मी. एका रात्री तीन वाजता तिसऱ्यांदा चादर बदलताना माझा तोल गेला. "किती वेळा गं, किती वेळा!" असं ओरडले आणि तिचा हात हिसकून बाजूला केला. ती माझ्याकडे बघत राहिली. बोलता येत नव्हतं तिला. मी चादर बादलीत टाकली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसले.

प्रार्थना करावीशी वाटत नव्हती. भेटायला आलेल्या माणसांनी "देवाची इच्छा", "धीर धरा" असं सांगून सांगून मला देवाचं नाव नकोसं केलं होतं. पण रोजच्या वाचनाच्या क्रमानं त्या दिवशी तेरावं स्तोत्र होतं, आणि त्यात 'कोठवर' हा शब्द होता. हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार? पहिल्या दोन वचनांत स्तोत्रकर्त्या दाविदाचा तोच सवाल चार वेळा येतो. मी तिथंच अडले. पुढे वाचवेना.

कित्येक आठवडे माझं मनन म्हणजे तो एक शब्द होता. पहाटे साडेचारला, गॅस न पेटवता, दिवा न लावता, कोठवर. सुरुवातीला तो मी देवाच्या अंगावर फेकत होते. तसं फेकायची मुभा शास्त्रातच आहे, हे मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं. दीडशे स्तोत्रांत सर्वाधिक भरणा विलापांचा आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर काळोखातच संपतं, सांत्वनाचा एक शब्दही न देता. वधस्तंभावर प्रभू येशूनं उच्चारलं तेही विलापाचंच वचन होतं : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

मग एका पहाटे तोच शब्द मला आईच्या आवाजात ऐकू आला. कोठवर? आतल्या खोलीत पडलेली ती बाई हेच विचारत होती, फक्त तिला विचारायला तोंड नव्हतं. मी उठून तिच्याजवळ गेले. तिचा धड असलेला डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं." तिनं माझं बोट दाबलं. त्यानंतर मी चिडले नाही असं नाही, पण तो राग तिच्यावर निघणं थांबलं. तो कुणापुढे न्यायचा, हे मला ठाऊक झालं होतं.

झोपेसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याही मी घेतल्या. मननाच्या भरवशावर औषध सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही.

ताई, तुमच्या शिबिरात श्वास आणि संवेदना तटस्थपणे पाहायला शिकवतात. मला त्याबद्दल आदर आहे. पण आमच्या मननात समोर कोणीतरी असतं. त्याच्याशी रुसता येतं, भांडता येतं, गप्प बसता येतं. हे मराठी माणसाला परकं नाही. तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले! ज्यांचे अभंग आम्ही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गातो ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) म्हणत की तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो.

त्या पहाटेनंतर मी आईच्या उशाशी बसून वाचायला लागले. मोठ्यानं, आजीच्या चालीनं. एकदा तेविसावं स्तोत्र होतं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार..." आणि मी श्वास घ्यायला थांबले. आई म्हणाली, "नाही." स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, लहानपणी तोंडपाठ केलेलं वाचा गेल्यावरही शिल्लक राहतं. त्यानंतर रोज मी मुद्दाम त्याच जागी थांबायचे. काही दिवस तो शब्द यायचा, काही दिवस नुसते ओठ हलायचे.

तेराव्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत. सहाव्यात दावीद म्हणतो, मी परमेश्वराला गीत गाईन. ते मी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, त्याच स्टुलावर बसून. अजूनही एखाद्या पहाटे मी दुसऱ्या वचनावरच थांबते आणि पुस्तक मिटून चहा ठेवते.