पहिलीची पालकसभा

आज साताऱ्यात लेकीच्या शाळेत पालकसभा झाली. बाई थेट मुद्द्यावर आल्या. नऊच्या ठोक्याआधी मूल वर्गात हवं, दप्तर त्यानंच भरायचं, चपला रांगेत त्यानंच लावायच्या. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको, म्हणजे २० किलोच्या पोरीला २ किलो. (आमची पाण्याची बाटलीच किलोभर भरते!)

मागून एका आजोबांनी विचारलं, "गृहपाठ किती देणार?"

"२०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, आजोबा. त्यापेक्षा नातीला रोज विचारा, आज डबा कुणाबरोबर खाल्ला."

अर्धी सभा नाराज. मला मात्र बाई पटल्या. आता डब्यात वेफर्स बंद, हे लेकीला कोण सांगणार, यावर घरात चर्चा चालू आहे.