गिऱ्ह्याचा केस

दिवाळी अंक मी आषाढापर्यंत पुरवून पुरवून वाचते. गेल्या आठवड्यात एका अंकात कथा सापडली. नायिका ठाण्याच्या नौपाड्यातली, बँकेत नोकरीला. नायक पेशवाईत मासुंदा तलावात बुडून मेलेला. तलावपाळीवर दोघांची गाठ पडते. आपल्या गावचं भूत, तेही प्रेमात पडलेलं! मी चहा पुन्हा गरम केला आणि पाय वर घेऊन बसले.

तिसऱ्या पानावर प्रेम जमलं. अकराव्यावर कथा आटोपली. मधे दोघांनी पाणीपुरी खाल्ली.

पाणीपुरीबद्दल तक्रार नाही, पण भुताने खाल्लेली पुरी जाते कुठे? पाण्यात मेलेला माणूस, अंगाला शेवाळाचा वास नको? बसून उठला की बाकावर ओल नको? दोन-अडीचशे वर्षं हा गृहस्थ तिथेच आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली, तिची शिट्टी ह्याने पाण्याखालून ऐकली असणार. काठावर गडकरी रंगायतन उभं राहताना पाहिलं असणार. आणि बोलतो काय, तर ‘तुझे डोळे खूप काही सांगतात.’ अरे, एवढ्यासाठी मरायची काय गरज होती?

माझ्या आजीची भुतं शिस्तीची. मुंजा पिंपळ सोडायचा नाही. हडळीचे पाय उलटे. चकवा लागला की उजाडेपर्यंत तिथल्या तिथे फिरायचं. आणि पाण्यात बुडून मेला तो गिऱ्हा. पाण्याकाठून ओळखीच्या आवाजात हाक मारतो. पण कुणी त्याच्या डोक्यावरचा एक केस कापून लपवला, की गिऱ्हा त्याचा गडी. मुकाट पाणी भरतो, लाकडं फोडतो. केस हाती लागला की मात्र गेला, आणि जाताना घराची धूळधाण. हे सांगताना आजी स्वतःची वेणी पदराआड घ्यायची.

म्हणजे कथा आयती होती हो! त्या मुलीने केस कापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला असता तर? रोज संध्याकाळी तो येतो. मायेने येतो की केसापायी? विचारावं, तर गडीमाणूस मालकिणीला खरं सांगेल कशाला? केस परत दिल्याशिवाय कळायचं नाही, आणि दिला तर... मी पानं मागेपुढे करून पाहिली, चुकून कुठे असलं काही आहे का. नव्हतं. नायक शेवटी ‘प्रकाशात विलीन’ झाला. खाली अर्धं पान मसाल्याची जाहिरात होती, तिला जागा हवी असेल.

काल रात्री तलावपाळीवरून येत होते. बोटवाले बोटी बांधत होते. कठड्याशी जरा थांबले, तर पाण्याच्या बाजूने कुणीतरी ‘अगं’ म्हटल्यासारखं वाटलं. आवाज ओळखीचा होता.

पर्स चाचपली. कात्री नव्हती, नेलकटर होतं.