आमची वाटचाल : वडाळ्याचा गाळा आणि कापलेली चासी

वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा. सुरुवात दोघांनी केली, मी फिटर आणि उस्ताद वेल्डर. पैसे आईच्या पाटल्या मोडून आले, हात उस्तादांचे. थर्माकोल, रिकामी पिंपं, प्लास्टिकचे डबे, असा वजनाला हलका आणि जागा खाणारा माल नेणाऱ्यांना १७ फुटी गाडी पुरत नसे. २२ फुटी करून द्या म्हणत गाड्या यायच्या, म्हणजे चासी, गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मधून कापून लांब करायची. तेव्हा आरटीओची परवानगी काढून हे काम करता येत असे.

उस्तादांकडे एक पितळी ओळंबा होता. दारूखान्यात फोडलेल्या जहाजाच्या भंगारातून त्यांनी तो उचलला होता. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवून पाणसळीत आणायची, दोन्ही लाँगवर, म्हणजे चासीच्या लांब आडव्या पट्ट्यांवर, पंच मारायचा, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. दोरीभर फरक आला तरी उस्ताद पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. कर्ण चुकले की गाडी जन्मभर तिरकी पळते आणि टायर खाते.

काप कॅबिन आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये, पाट्याच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपासून लांब. तोही तिरका, म्हणजे लाँगच्या वरच्या आणि खालच्या फ्लँजचा (आडव्या कडेचा) जोड एका रेषेत येत नाही. आतून चॅनेलचा आधार, त्याची टोकं निमुळती. चौकोनी टोक ठेवलं की सगळा ताण तिथेच साठतो. ७०१८ चे वेल्डिंग रॉड भट्टीत शेकल्याशिवाय उस्ताद हातात घेत नसत. मुंबईच्या पावसाळ्यात उघडा रॉड ओल धरतो, त्या ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि तडा काम झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी जातो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा शाफ्ट वाढवला की मध्ये आधाराला सेंटर बेअरिंग, दोन्ही टोकांचे योक (जोडाचे दुबेळके) एका रेषेत, मग बॅलन्सिंग. शाफ्टचं बॅलन्सिंग वाचवायला जाऊ नका, गिअरबॉक्सचं बिल त्याच्या कितीतरी पट येतं.

आमच्याच गल्लीत आणखी एक गाळा होता. ते निम्म्या पैशात काम करत, कारण व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या अंतराला, हात न लावता नुसती शेपूट वाढवून देत. मागचं लोंबणं, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पलीकडे राहणारा भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या आत हवं, हा नियम काही उगाच केलेला नाही. त्यापुढे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. तो राग त्यांनी मनात ठेवला.

आमच्याकडे वाढवलेली एक गाडी कसारा घाटात मोडली. डावी लाँग तुटून गाडी मधोमध बसली. ड्रायव्हर वाचला, देवाची कृपा. मालकाने ती ओढत आणून आमच्या दारात सोडली आणि टर्मिनलभर बोभाटा झाला की यांचा जोड तुटला. तो कुणी पसरवला हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सहा महिने एक काम आलं नाही. लेथ विकली, भाडं थकलं. उस्ताद पगार मागत नसत, आणि तेच मला जास्त लागायचं.

एक शेठ होते, त्यांच्या सहा गाड्या आमच्या हातच्या. त्या गाड्यांच्या काळजीने ते स्वतः आले. "मिस्त्री, रॉकेल आणा," म्हणाले. तुटलेली बाजू सोडून त्यांनी शाबूत दिसणारी उजवी लाँग घासायला लावली. रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची भुकटी फासली. थोड्या वेळात पांढऱ्यात एक ओली रेघ उमटली. खालच्या फ्लँजला स्टेपनीचा ब्रॅकेट आडवा वेल्ड केलेला होता, त्याच्या कडेपासून निघून ती रेघ वर चढली होती. डावीकडेही तसाच ब्रॅकेट आणि तूट तिथेच. आमचा जोड तिथून दीड फूट पुढे, जसाच्या तसा. ब्रॅकेट कुठे लावला हे ड्रायव्हरनेच सांगितलं: त्याच दुसऱ्या गाळ्यात.

शेठनी पुढच्याच सोमवारी दोन गाड्या लावल्या. दुसऱ्या गाळ्याने आजतागायत एका शब्दाने चूक कबूल केलेली नाही.

पुढची वर्षं नीट गेली. २००० च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक झालं. कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, हे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. व्हीलबेस नोंदणीत लिहिलेला असतो, त्यामुळे ते काम आम्ही बंद केलं. आता तडे गेलेल्या चासी आणि टिपरचे सबफ्रेम (चासीवरचे आधाराचे सांगाडे) करतो. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाडीला वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवा, ईसीएमचे (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे) प्लग काढा, अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ धरा. एवढं कुणी न विचारताही सांगतो, कारण जळलेले ईसीएम घेऊन लोक आमच्याकडे येतात.

शेठचा नातू आला होता, २४ फुटी करून द्या म्हणाला. मी त्याला कंपनीतूनच लांब व्हीलबेसची चासी घ्यायला लावली. नवी गाडी घेऊन तो दाखवायला आला, तेव्हा मी आधी खाली वाकून स्टेपनीचा ब्रॅकेट पाहिला. खालच्या फ्लँजला नव्हे, लाँगच्या उभ्या पट्टीला, बोल्टने बसवलेला होता.