रकाना बदलला की वंश बदलतो

माझी भाची अमेरिकेत शिकते. परवा कोल्हापुरात राजारामपुरीत घरी आली तेव्हा तिथल्या फॉर्ममधला 'वंश' हा रकाना भरताना दरवेळी हात अडतो म्हणाली. रात्री मी वाचत बसले. १९३० च्या तिथल्या जनगणनेत भारतीयांचा वंश 'हिंदू' लिहीत, मग माणूस शीख असो की मुसलमान! १९७० ला आपण गोऱ्यांत, १९८० ला 'एशियन इंडियन'. कातडी तीच.

पण रकान्यानं माणसं उद्ध्वस्तही केली. १९२३ साली, तिथे राहणारे भगतसिंग थिंड हे शीख गृहस्थ गोरे नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं आणि त्यापाठोपाठ कित्येक भारतीयांचं नागरिकत्व गेलं.

जात म्हणजे वंश नव्हे, हे मला कळतं. तरी भाऊसिंगजी रोडवरून जाताना गंगाराम कांबळेंचं हॉटेल आठवतंच. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या हातचा चहा शाहू महाराज तिथं सगळ्यांसमोर प्यायले. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासांना देणारा राजा!

आणि आमच्या घरात, त्यानंतर कितीतरी वर्षांनी, कामाच्या मावशींचा कप खिडकीत वेगळा असायचा. एकदा मी तो आमच्या कपांत विसळायला घेतला. आईनं मनगट धरलं. मावशी दारातच उभ्या होत्या.