आमची वाटचाल: चिकोपीच्या तलवारी आणि खोडलेला शिक्का

मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपीत आमचं जुन्या तलवारींचं दुकान दोन भागीदारांनी मिळून सुरू केलं. एकाला पात्यावरचे शिक्के कळत, दुसऱ्याला चामडं. दुसरे भागीदार इथलेच, जन्मभर खोगिरं शिवलेले. मुठीवरचं चामडं मूळचं आहे की मागाहून चढवलेलं, हे ते नुसतं अंगठ्याने चाचपून सांगत. पहिला साठा सात तलवारींचा होता.

गाव मुद्दाम निवडलं. नेथन एम्स यांनी १८२९ मध्ये आपला कारखाना चिकोपी फॉल्सला आणला आणि अमेरिकी सैन्याच्या कितीतरी तलवारी पुढे इथेच घडल्या. शिक्क्यात ‘कॅबटव्हिल’ हे इथल्या वस्तीचं जुनं नाव आलं की ती तलवार साधारण १८४८ च्या आधीची. त्या वर्षी हा भाग स्प्रिंगफील्डपासून वेगळा झाला आणि चिकोपी नावाने उभा राहिला. नंतरच्या शिक्क्यांत चिकोपी येतं. गिऱ्हाइकाला हे गावातच उभं राहून सांगता येतं, याचा आम्हाला आजही अभिमान आहे.

पहिली काही वर्षं सुरळीत गेली. त्यानंतर जे झालं त्याने दुकान बुडता बुडता वाचलं.

एका घराण्याच्या मालमत्तेच्या लिलावातून आम्ही अकरा सेबर, म्हणजे घोडेस्वारांच्या बाकदार तलवारी, एकत्र घेतले. सगळे १८६० च्या घोडदळी नमुन्याचे दिसत होते: पितळी परज (मुठीवरची हात राखणारी आड), तिला तीन फांद्या, चामड्याच्या मुठीवर पिळाची तार. त्यांतले चार नकली निघाले आणि ते कळेपर्यंत एक विकून झाला होता. अमेरिकी यादवी युद्धाच्या तलवारींच्या नकला भारतात मोठ्या प्रमाणावर होतात. जुन्या लढाया वठवून दाखवण्याच्या खेळासाठी त्या चांगल्याच असतात आणि प्रामाणिक कारखाना पात्यावर ‘इंडिया’ असं कोरतो. मधला कुणीतरी ते अक्षर घासून काढतो, त्या जागी जुन्या अमेरिकी कारखान्याचा शिक्का मारतो आणि तलवार जुनी करून विकतो.

याच भागातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने त्यानंतर प्रदर्शनांमधून सांगायला सुरुवात केली की, भारतीय आडनावाचं दुकान, माल तिकडूनच येत असणार. तो घाव अजून भरलेला नाही. चार तलवारींची चूक आमची होती, ती आम्ही मान्य केली. आडनाव ही काही चूक नव्हती. आम्ही मागच्या तीन वर्षांतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र लिहून तलवार परत तपासून देण्याची तयारी दाखवली, विकलेल्या नकली सेबरचे पैसे परत केले आणि उरलेल्या तिघांच्या पात्यांवर ‘नक्कल’ असं खोल कोरून ठेवलं. त्या वर्षी भाडं भागीदाराच्या शिवणयंत्राच्या कमाईतून गेलं.

तपासणीची आमची पद्धत त्याच दिवसांत बसली. साधनं थोडी: दहापट भिंग, जाडी मोजायला व्हर्नियर, पोलादी पट्टी, चुंबक, वजनकाटा. आधी पट्टीची धार मुठीजवळच्या पात्यावर उभी धरून उजेडाकडे बघायचं. अक्षर घासलेलं असेल तर पट्टीखालून उजेडाची बारीक फट दिसते, कारण तिथे पोलाद खोलगट झालेलं असतं. नवा शिक्का नेमका त्या खोलगटीच्या तळाशी बसतो. मूळ शिक्क्यात एका बाजूला कारखान्याचं नाव-गाव, दुसऱ्या बाजूला यू. एस., निरीक्षकाची आद्याक्षरं आणि साल असतं. तिथली अक्षरं पात्याच्या मूळ सपाटीवर मारलेली असतात आणि त्यांच्या कडा वर्षानुवर्षं पुसून गोलावलेल्या असतात.

मग पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजायची: मुठीजवळ, मध्यावर, टोकाआधी. अस्सल पातं सारखं पातळ होत जातं. नकलेत बहुधा पाठ टोकापर्यंत जवळपास तेवढीच राहते, म्हणून हातात घेताच पुढचं टोक जड लागतं. पितळावर चुंबक चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. मुठीच्या टोकाशी नट दिसला तर तिथेच थांबावं. या सेबरचा पात्याचा शेपटा मुठीतून आरपार जाऊन टोकाशी ठोकून पसरवलेला असतो. काळेपणाही बघावा. आम्लाने आणलेला काळेपणा सगळीकडे एकसारखा असतो. खऱ्या तलवारीवर म्यानात घासणारी जागा फिकट, तर परजेलगत, जुन्या चामडी चकतीखाली, वेगळ्या रंगाचं वर्तुळ असतं.

नव्या माणसाचा घोळ १८४० आणि १८६० च्या नमुन्यांत होतो. १८४० ची तलवार जड, पातं जवळजवळ सव्वा इंच रुंद. घोडेस्वार तिला मनगटमोडी म्हणत. १८६० चं पातं साधारण एक इंच रुंद आणि मूठ मध्ये किंचित फुगीर. एम्सशिवाय मॅन्सफील्ड अँड लॅम, सी. रोबी आणि आणखी कितीतरी ठेकेदारांनी १८६० चे सेबर बनवले. आणि शिरस्त्राणाच्या आकाराची मूठ, क्रूस, चकचकीत नक्षी असेल तर ती बहुधा फ्रीमेसनसारख्या एखाद्या बंधुमंडळाची मिरवणुकीची तलवार. ती सैन्याची म्हणून घेऊ नका, कितीही जुनी असो.

त्या वाईट वर्षात एक गिऱ्हाईक आमच्या पाठीशी उभं राहिलं. निवृत्त शाळामास्तर, वर्षाला एकच तलवार घेणारे. त्यांनी आमच्याकडून घेतलेल्या नऊच्या नऊ तलवारी गाडीत घालून आणल्या, टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, “सगळ्या मोजा, मी बसतो.” सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते आकडे वहीत उतरवत होते. नऊही अस्सल निघाल्या. ती वही त्यांनी आपल्या ओळखीच्या संग्राहकांत फिरवली आणि गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. वहीची प्रत दुकानात काचेखाली आहे.

पुढची वर्षं चांगली गेली.

आता थोडं देखभालीविषयी, कारण निम्म्या तलवारी घरातच खराब होतात. चकाकी आणू नका. घासून आणलेली चकाकी परत जात नाही आणि किंमत मात्र जाते. लाल, भुरभुरणारा गंज तेवढा काढायचा. खनिज तेलाचा हलका हात देऊन दिवसभर ठेवावं, मग बांबूच्या काडीने किंवा मऊ पितळी तुकड्याने पात्याच्या लांबीच्या दिशेने खरवडावं, आडवं कधीच नाही. काळा, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्यावा. तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर, थोड्या वेळाने मऊ कापडाने उजाळा, मग दुसरा थर. हातमोजे घाला, बोटांच्या घामाचे ठसे काही दिवसांत पात्यावर उमटतात.

म्यानात तेल ओतू नका, ते तळाशी साचतं आणि मळी धरतं. अडकलेली तलवार हिसकू नका. पातं बहुधा म्यानाला पडलेल्या पोचाने धरलेलं असतं. तोंडाशी थेंबथेंब तेल, आठवडाभर वाट, मग लाकडी हातोडीने बाहेरून हलके टोले. चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवू नका, चामड्यातल्या आम्लाने खड्डे पडतात. मुठीचं सुटलेलं चामडं गव्हाच्या खळीने चिकटवता येतं. नवं चामडं चढवलं की मूठ मूळची राहत नाही, हे भागीदार मरेपर्यंत सांगत राहिले.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, त्यात दही-पाण्याचा शिंतोडा पात्यावर राहतो. हळदकुंकू मुठीला किंवा म्यानाला लावावं, पातं त्याच रात्री कोरडं पुसावं.

सध्या टेबलावर १९१३ च्या नमुन्याची एक तलवार आहे, लेफ्टनंट जॉर्ज पॅटन यांनी आखलेली, सरळ ३५ इंची पात्याची. लँडर्स, फ्रॅरी अँड क्लार्क या कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटन शहराच्या कारखान्याची, म्हणून शिक्क्यात त्याची आद्याक्षरं. म्यानाच्या कॅनव्हासची शिवण एका बाजूला उसवली आहे आणि मूळ दोरा अजून अर्ध्या भागात शाबूत आहे. तो तसाच ठेवून फक्त सुटलेली कड बसवायची, एवढंच काम या आठवड्यात करायचं आहे.